केझाया पिलिंग, वय दहा

क्लॅरिस पिलिंग रोज सकाळी साडेसहाला जुनी उशी गुडघ्यांखाली घेऊन दाराची पायरी घासायला बसे. आधी गरम पाणी, मग फडकं, मग पायरीच्या कडेनं पिवळसर दगडाची एक सरळ रेघ. रेघ ओढताना ती श्वास रोखून धरी. ब्रॅकनशॉ गावातल्या गार्डन स्ट्रीटवर बाग कधीच नव्हती. एकमेकांना चिकटलेली अठ्ठावीस घरं होती, अठ्ठावीस पायऱ्या होत्या, आणि १९८३ साल उजाडेपर्यंत त्यांतली एकच रोज धुतली जात होती. दारात दूधवाला येवो, पोस्टमन येवो नाहीतर पाद्री, आतून एकच वाक्य ऐकू येई, "पायरी ओली आहे, जपून." दुपारी चारला पायरी खडखडीत वाळलेली असली तरी तेच.

"तुझी पायरी कधी वाळतच नाही का गं?" शेजारची फ्लोरी टॅटरसॉल विचारी.

"वाळते की. पण माणसानं खाली बघून आत यावं, म्हणून सांगते."

वय सदुसष्ट. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणारी माणसं एकेक करून संपली. चौदाव्या वर्षी ती स्केल्टनच्या कापडगिरणीत लागली. एकोणीस वर्षं साळखात्यात माग चालवले आणि पुढची बावीस घडीखात्यात तयार कापड तपासलं. एकाहत्तर साली गिरणी बंद पडली. आता तिथं सोफे विकत.

घडीखात्यातलं काम असं, की ठाण तिरप्या मेजावरून सावकाश खाली ओढायचं आणि डोळे नि तळहात दोन्ही कापडावर ठेवायचे. तुटलेला धागा, सुटलेला बाणा, तेलाचा थेंब. नव्या मुली घाईनं दोष शोधत, आणि त्यांच्या हातून दोष हमखास निसटत. "शोधायला जाऊ नका," क्लॅरिस त्यांना सांगे. "सगळं कापड बघा. तो आपणहून हाताला लागतो."

त्र्याऐंशीच्या शरदात गावाच्या वाचनालयात एक यादी लागली. सव्वाशे वर्षांपूर्वी, १८५९ च्या नोव्हेंबरात, दुपारी साडेचारला स्केल्टनच्या गिरणीचा बॉयलर फुटला होता आणि सूतखात्याची भिंत आतल्या माणसांवर कोसळली होती. मेलेल्यांच्या नावांची शिळा पुढच्या वर्षी उभारायची होती, नावापुढे वय कोरून. समितीचे प्रमुख होते लोमॅक्स मास्तर. यादी त्यांच्याच वळणदार अक्षरात होती, वयानं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. शेवटी बापासाठी चहा घेऊन आलेला बारा वर्षांचा एक मुलगा. एकंदर सोळा नावं.

क्लॅरिसनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. तिच्या आजोबांची बहीण त्यात नव्हती.

"मास्तर, केझाया राहिली."

"कोण?"

"केझाया पिलिंग. माझ्या आजोबांची मोठी बहीण. भिंतीखाली गेली ती."

लोमॅक्स मास्तर सरळ माणूस. त्यांनी वही उघडून दाखवली. "मिस पिलिंग, ते नाव मी पाहिलंय. मृत्यूच्या चौकशीत आहे, केझाया पिलिंग, वय तेरा. पण चर्चची वही बघा. अ‍ॅम्ब्रोज पिलिंगची मुलगी केझाया, बाप्तिस्मा फेब्रुवारी १८४६, दफन मार्च १८४६, वय पाच आठवडे. पुढे त्या नावाचा जन्म नाही, बाप्तिस्मा नाही. एक्कावन्नच्या शिरगणतीत तर गावात पिलिंगच नाहीत. वर्तमानपत्र मंगळवारी म्हणतं सतरा गेले, शनिवारी म्हणतं सोळा. पाच आठवड्यांची होऊन गेलेली मुलगी तेरा वर्षांनी पुन्हा मरायला कुठून येणार?"

"ही दुसरी केझाया. गेलेल्या लेकीचं नाव पुढच्या लेकीला देतच होते की तेव्हा."

"देत होते, मान्य आहे. तिचा कागद आणा."

"आजोबांनी तिला पाहिलं होतं."

"आजोबा तेव्हा केवढे होते?"

"सहा वर्षांचे."

मास्तर हसले. वाईट हसले नाहीत. वर्गात बाकावर उभं राहून चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला हसतात तसं हसले. "सहा वर्षांच्या मुलांना काय काय दिसतं, ते मी चाळीस वर्षं पाहिलंय."

"आणि मी एकेचाळीस वर्षं कापड पाहिलंय," क्लॅरिस म्हणाली. "ती यादी टाचणीनंच लावून ठेवा, मास्तर. डिंक लावू नका."

कागद आणायचा म्हणजे कुठून आणायचा? पहिली केझाया गेल्यावर अ‍ॅम्ब्रोजचं चर्चच्या पाद्र्याशी बिनसलं, का ते कुणाला माहीत नाही, पण ते घराणं ओढ्याकाठच्या, वेगळ्या पंथाच्या चॅपलमध्ये जायला लागलं. चॅपलच्या वह्या आगीत गेल्या. अपघातानंतर बापानं पोरीला चॅपलच्याच आवारात पुरलं. तिथं आता बस स्टँड आहे. जन्म सरकारात नोंदवला नाही तर तेव्हा कुणी जाब विचारायला येत नसे. राहता राहिली शिरगणती, आणि तिच्यात पिलिंग नव्हते.

आजोबा मात्र होते. क्लॅरिस नऊ वर्षांची होईपर्यंत ते चुलीशेजारच्या खुर्चीत होते, आणि त्यांच्या आठवणींत केझाया धावत असे. "माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायची. गिरणीची घंटा झाली की मला तिथंच खाली ठेवून पळायची. आईची शाल असायची अंगावर, मागं फरफटत." मग आजोबांना हसू फुटे. "आणि तिचे लाकडी बूट! बापानं एकाखाली एक दोन तळ ठोकले होते त्यांना. कोंबडीसारखी चालायची." ते दोन बोटांची कोंबडी करून मांडीवर चालवून दाखवत. छोटी क्लॅरिस खिदळे. दोन तळ कशासाठी, हे तिनं कधी विचारलं नाही. आजोबांनाही कुणी सांगितलं नसावं.

तिनं ठरवलं, पिलिंग शोधायचेच नाहीत. एक्कावन्नच्या शिरगणतीतलं अख्खं ब्रॅकनशॉ वाचायचं. गल्लीमागून गल्ली, घरामागून घर, ओळीमागून ओळ.

रोज साडेनऊला वाचनालय उघडे तेव्हा ती पायऱ्यांवर उभी असे. शिरगणतीच्या वह्यांची फिल्म दाखवणाऱ्या यंत्रापुढे बसली की ती एक तळहात काचेवर ठेवी आणि दुसऱ्या हातानं दांडी फिरवी. पांढऱ्या काचेवरून माणसं खाली सरकत जात. समोरच्या मेजावर फ्लोरी वर्तमानपत्र घेऊन बसे, घरचा कोळसा वाचावा म्हणून. फ्लोरीनंही साळखात्यात जन्म काढला होता. मागांच्या खडखडाटात आवाज ऐकू येत नाही, तेव्हा तिथल्या बायका आवाज न काढता, तोंड मोठं करून, शब्द चावून चावून बोलतात आणि एकमेकींचे ओठ वाचतात. 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली दोघींचं सकाळभर बोलणं चाले आणि ग्रंथपालबाई त्यांच्याकडे कौतुकानं बघत, काय शहाण्या बायका आहेत म्हणून.

"सापडले का गं तुझे पिलिंग?" फ्लोरीचे ओठ.

"नाही. आज दोन खाटीक, एक वेडा आणि नऊ विधवा."

"त्यातली एक विधवा तुझ्या वॉल्टरसाठी बघून ठेव."

"वॉल्टरला पावणेदोनशे वर्षांची कशाला देतेस?"

"ती तरी त्याचं ऐकून घेईल."

वॉल्टर म्हणजे क्लॅरिसचा धाकटा भाऊ. गिरणीच्या सुतारखान्यात होता, बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, दोन गल्ल्या पलीकडे राही आणि दर रविवारी बहिणीकडे जेवायला येई.

ख्रिसमस गेला. पुलाकडची बाजू संपली, टेकडीची बाजू संपली. मार्चमध्ये ती ओढ्याकाठच्या वॉटर लेनमध्ये शिरली. तिथं एका घरात विधवा नटॉलबाई, पन्नास वर्षांची, घरमालकीण. तिच्या नावाखाली घरातल्या सगळ्यांच्या आडनावाच्या जागी मोजणीदारानं 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढल्या होत्या. थकला असेल, पाय ओले झाले असतील, पुढची गल्ली बाकी असेल. त्या खुणांच्या पुढे लिहिलं होतं: अ‍ॅम्ब्रोज, वय एकोणतीस, भाडेकरू, गिरणी कामगार. थर्झा, त्याची बायको, जन्म मॅन बेट. केझाया, मुलगी, वय दोन.

एकसष्टच्या शिरगणतीत अ‍ॅम्ब्रोज पिलिंगच्या बायकोचं नाव थर्झा होतं, आणि तिचा जन्म मॅन बेटावरचा होता. गावात दुसरी अशी थर्झा नव्हती. क्लॅरिसला आता हे ठामपणे सांगता येत होतं, कारण तिनं गावच वाचलं होतं.

तिचा हात काचेवर तसाच राहिला. फ्लोरीनं तिचा चेहरा पाहिला आणि वर्तमानपत्र खाली टाकून उठली.

"सापडली?"

"नटॉलबाईकडे होती," क्लॅरिसचे ओठ हलले. "एवढे दिवस. दोन वर्षांची आहे."

लोमॅक्स मास्तरांनी यंत्रापुढे बसून ती ओळ तीनदा वाचली. मग उठून उभे राहिले. "मी चुकलो, मिस पिलिंग. नाव यादीत घालू. केझाया पिलिंग, तेरा."

"दहा, मास्तर."

"चौकशीत तेरा आहे. शपथेवर सांगितलेलं."

"एक्कावन्नला दोन, तर एकोणसाठला दहा. गावाला वजाबाकी तुम्हीच शिकवलीत."

"मग मला एवढं सांगा," मास्तर म्हणाले, आणि आता ते हसत नव्हते. "तेराच्या आतल्या मुलांना कायद्यानं अर्धाच दिवस काम. त्या महिन्यात त्यांची पाळी सकाळची होती, हेही चौकशीतच आहे. दुपारी ती सगळी शाळेत. दहा वर्षांची मुलगी साडेचार वाजता भिंतीखाली कशी होती?"

मास्तरांनी यादीत सतरावं नाव पेन्सिलनं लिहिलं, तेरा आकड्यासकट, आणि ते शेवटच्या ओळीत न लिहिता बारा वर्षांच्या मुलाच्या वर लिहिलं. तिला ते बघवेना.

गिरणी बंद झाली तेव्हा तिची जुनी बाडं प्रेस्टनच्या दफ्तरखान्यात गेली होती. बसनं जायला सव्वा तास. क्लॅरिस चार वेळा गेली. चौथ्या खेपेला समोर आली ती वयाच्या दाखल्यांची वही. कुठल्याही मुलाला पूर्ण दिवसाचं काम द्यायचं तर गिरणीच्या डॉक्टरनं त्याला तपासून इथं लिहायचं, अशी तेव्हाची पद्धत.

'७ फेब्रुवारी १८५९. केझाया पिलिंग, वय तेरा पूर्ण. पुरावा, बापाने दाखवलेला बाप्तिस्म्याचा कागद, साल १८४६. उंची ठीक. पूर्ण वेळेस योग्य.'

बाप्तिस्म्याचा कागद. पाच आठवड्यांची होऊन गेलेल्या मुलीचा कागद अ‍ॅम्ब्रोजनं तेरा वर्षं जपून ठेवला होता, आणि मग जिवंत मुलीच्या हाताला धरून तो डॉक्टरपुढे नेला होता. नाव एकच. कुणाला काय कळणार.

क्लॅरिसनं 'उंची ठीक' हे दोन शब्द पुन्हा वाचले. दफ्तरखान्याच्या स्वच्छ मेजावर तिला आजोबांची दोन बोटं दिसली. कोंबडीसारखी चालणारी. एकाखाली एक दोन तळ.

तिनं पेन्सिलनं सगळी नोंद उतरून घेतली. परतीच्या बसमध्ये ती संपूर्ण वाट मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती.

रविवारी मैद्याच्या पारीत भाजलेला बटाटा होता आणि बरणीतला लाल कोबी. वॉल्टरनं दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर तिनं कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वाचला आणि काटा खाली ठेवला.

"हे तू मास्तरांना दाखवणार?"

"दाखवणार."

"कशाला? ते तेरा लिहायला तयार आहेत. नाव लागतंय. तुला हवं होतं ते झालं."

"मला तेरा नको होतं."

"क्लॅरिस, अगं, तो आपला पणजोबा आहे! दोन्ही पोरींना एकाच कागदावर विकलं म्हणतील त्यानं. दगडावर दहा कोरलं, की उद्या कुणीतरी विचारणारच, दहा वर्षांची तिथं काय करत होती. आणि तू सांगणार. तुला गप्प बसता येतं का?"

"नाही."

"आपल्या घरची चड्डी आपणच चौकात वाळत घालायची?"

"चड्डी आपली असली तरी ओली कुणी केली ते कळू दे," क्लॅरिस म्हणाली. "हो, खोटं बोलला तो. तेराच्या आतल्या पोरीला अर्धाच दिवस कामावर घेत होते, त्यात घर चालेना, म्हणून बोलला. मी त्याला सोडत नाही. पण तो डॉक्टर? तो खात्यावर देखरेख करणारा जॉबर? त्यांना डोळे नव्हते?"

"फसले असतील."

"ऊठ. मागच्या खोलीच्या चौकटीवर आईनं आपल्या उंचीच्या खुणा केल्यात. तुझी दहाची खूण बघ आणि तेराची बघ. मधे केवढी जागा आहे ती बघ, आणि मग मला सांग फसले म्हणून."

वॉल्टर उठला, पण मागच्या खोलीत गेला नाही. कोट घेऊन सरळ बाहेर पडला. गोडाचं तसंच राहिलं.

सोमवारी क्लॅरिसनं पायरी धुतली नाही. मंगळवारीही नाही. समोरच्या घरातून कुणीतरी फ्लोरीला विचारायला आलं, क्लॅरिस बरी आहे ना. ती बरी होती. मागच्या खोलीत बसून होती, चौकटीकडे तोंड करून. आपण कुणाला उघडं पाडतोय, हे तिला नीट ठाऊक होतं. थर्झानंच ते बूट पोरीच्या पायात घातले असतील. नाड्या बांधताना ती पोरीशी काय बोलली असेल? क्लॅरिसला कागदावर ते कुठं सापडणार नव्हतं.

बुधवारी सकाळी साडेसहाला ती उशी घेऊन दारात आली. फडकं पिळता पिळता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोन तळांच्या बुटांवर तोल सावरत एक मुलगी डॉक्टरच्या खोलीत चालत आली. डॉक्टरनं तिची उंची पाहिली, कागद पाहिला, सही केली. कुणीही खाली बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

तिनं रेघ ओढली. त्या दिवशी ती जरा जाड आली.

एप्रिलमध्ये यादी पक्की करायला वाचनालयाच्या वरच्या दालनात सभा भरली. मागच्या दोन बाकांवर साळखात्यातल्या जुन्या बायका, पर्स मांडीवर घेऊन. वॉल्टर दाराजवळ, बहिणीकडे न बघता. सभा सुरू व्हायच्या आधी लोमॅक्स मास्तर शेजारच्या काचेच्या खोलीत चिटणिसाशी बोलत उभे होते. क्लॅरिसनं आदल्या आठवड्यात त्यांना प्रेस्टनची नोंद दिली होती, आणि त्यावर त्यांनी फक्त "विचार करतो" एवढंच म्हटलं होतं. काच जाड होती. आवाज येत नव्हता. मास्तरांचे ओठ मात्र शिक्षकाचे होते, एकेक शब्द सुटा.

"शिळा स्केल्टनबाई देतायत," काचेआड मास्तर म्हणत होते. "खाली त्यांच्या घराण्याचं नाव आणि वर दहा वर्षांची मुलगी? बाई दगड मागे घेतील. त्यापेक्षा सगळ्यांचीच वयं गाळू. जागा पुरत नाही म्हणून सांगू."

क्लॅरिसनं मान वळवली. फ्लोरीनंही वाचलं होतं. आता मागच्या दोन्ही बाकांवर, एकही आवाज न होता, ओठांवरून ओठांवर ते वाक्य पसरत गेलं. शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या अ‍ॅडा ग्रीनहालशनं तर वर एक शिवीही जोडली.

मास्तर बाहेर आले, घसा साफ केला. "शिळेवर जागा अपुरी पडत असल्यामुळे समितीचा असा विचार आहे, की वयं न कोरता फक्त नावं..."

"जागा पुरते," क्लॅरिस उभी राहिली. "स्केल्टनबाई दगड मागे घेतील अशी तुम्हाला भीती आहे, मास्तर. ते बोला."

मास्तरांनी काचेकडे पाहिलं, मग मागच्या बाकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले. "मिस पिलिंग, मी तुमचाही विचार करतोय. वय लिहायचं तर कारणही सांगावं लागेल. तुमच्याच पणजोबांनी..."

"खोटा कागद दाखवला," क्लॅरिस म्हणाली. "मेलेल्या मुलीचा. दहाची पोर तेराची म्हणून दिली, अर्ध्या दिवसाचा पूर्ण दिवस व्हावा म्हणून. बुटांना दोन तळ ठोकले. हे मी माझ्या तोंडानं सांगतेय, तुम्हाला माझ्यासाठी लपवायची गरज नाही. पण बूट एकट्या अ‍ॅम्ब्रोजनं पाहिले नव्हते. डॉक्टरनं पाहिले, जॉबरनं पाहिले, सूतखात्यात रोज बारा तास सगळ्यांनी पाहिले. आणि ती मेल्यावर शपथेवर परत तेरा सांगितलं, कारण दहा सांगितलं असतं तर गिरणीलाही उत्तर द्यावं लागलं असतं. सव्वाशे वर्षं ती तेराची आहे. आमच्या घरानं तिची तीन वर्षं चोरली. ती मी परत मागतेय. दुसरं काही मागत नाही."

मग दाराजवळ वॉल्टर उभा राहिला. लोमॅक्स मास्तर दिसले की तो साठी उलटल्यावरही उभा राही, वर्गातली सवय होती ती, म्हणून आधी कुणाला काही वाटलं नाही.

"सात इंच," वॉल्टर म्हणाला.

"काय, पिलिंग?" मास्तरांच्या तोंडून जुनी हाक निघाली.

"माझ्या दहाच्या खुणेपासून तेराच्या खुणेपर्यंत सात इंच, सर. परवा ती इथं आली होती तेव्हा मी तिच्या घरी जाऊन मोजलं. लाकडी तळ एक असतो पाऊण इंचाचा. दोन ठोकले तर दीड. मी सुतार आहे, सर. दीड इंचात सात इंच भरत नाहीत." त्यानं टोपी हातात फिरवली. "आमचा पणजोबा खोटारडा होता. पण त्याला कुणी फसलं नाही. दहा लिहा."

मास्तरांनी चष्मा काढला. मागच्या दोन बाकांवर चौदा बायकांचे ओठ एकदम हलले, आवाज न होता, तोंड मोठं करून, एकच शब्द. मास्तरांनी चाळीस वर्षं त्यांची मुलं शिकवली होती. एवढं त्यांनाही वाचता आलं.

त्यांनी पेन्सिलचं जुनं नाव खोडलं आणि यादीच्या अगदी तळाशी, बारा वर्षांच्या मुलाखाली, शाईनं लिहिलं.

शिळा नोव्हेंबरात उभी राहिली. स्केल्टनबाई अनावरणाला आल्या नाहीत; दगड मात्र त्यांनी परत मागितला नाही. शेवटची ओळ जमिनीपासून हातभर उंचीवर आहे. ती वाचायला खाली वाकावं लागतं.

त्यानंतर वाचनालयात क्लॅरिसला शोधत लोक यायला लागले. कुणाचा खापरपणजोबा दोनदा जन्मला होता, कुणाच्या पणजीची बहीण पुढे तिची आई निघाली होती. क्लॅरिस त्यांना यंत्रापुढे बसवी आणि म्हणे, "नाव शोधू नका. सगळी गल्ली वाचा." अ‍ॅम्ब्रोजबद्दल कुणी वाकडं बोललं तर ती ऐकून घेई. स्केल्टनबद्दल कुणी चांगलं बोललं तर घेत नसे.

एक्याण्णवच्या हिवाळ्यात तिच्या छातीनं दगा दिला. साळखात्यातल्या कापसानं पुष्कळांना दिला होता तसाच. खाट खाली पुढच्या खोलीत आणली, आणि वॉल्टर तिच्याकडे राहायला आला. रोज सकाळी साडेसहाला तो उशी गुडघ्यांखाली घेऊन दारात बसे. सत्तरीचा पुरुष पायरी घासतोय हे बघायला पहिल्या आठवड्यात गार्डन स्ट्रीटवर पडदे हलले. वॉल्टरनं कुणाकडे बघितलं नाही. रेघ मात्र त्यानं सुताराची ओढली, पट्टी लावून.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी नर्स तिला तपासून निघाली. तिनं पिशवी उचलली, दार उघडलं. खाटेवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"जपून उतर गं. आमच्या वॉल्टरनं पायरी धुतलीय, आणि त्याला फडकं पिळता येत नाही."